त्यानं दिलेले पूर्णविराम

घरमालकाचा मुलगा पहिल्या दिवसापासून माझ्या डोळ्यांत खुपायचा, आणि मी त्याला अजून माफ केलेलं नाही. शहरात, गारखेड्यात, त्यांच्या घराखालची एक खोली मी भाड्यानं घेतली होती. दुष्काळाची वर्षं होती ती. नळाला आठवड्यातून एकदा पाणी यायचं, अपार्टमेंटं मात्र चहूकडून उठत होती. त्यांचा स्वतःचा बोअर होता. ड्रम भरायला पाइप मागितला की हा दीडशहाणा गॅलरीतून म्हणायचा, "'म्होरं' नाही, 'पुढे' म्हण. मग सोडतो."

मी म्हणायचो. ड्रम भरायचा असायचा.

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला प्रोजेक्टसाठी हजेरी क्रमांकानं जोड्या लावल्या, तर माझ्या वाट्याला नेमका हाच आला. कामासाठी मी एक चमत्कारिक प्रोग्रामिंग भाषा निवडली. तिचं नाव चारचौघांत घेण्यासारखं नाही. तिच्यात फक्त आठ चिन्हं: अधिक, उणे, दोन बाण, दोन कंस, स्वल्पविराम आणि पूर्णविराम. पूर्णविराम दिसला की यंत्र एक अक्षर छापतं, स्वल्पविराम दिसला की आपण कळ दाबायची वाट बघत बसतं. बाकी काहीही लिहा, यंत्राच्या लेखी ते नसतंच. ते फक्त वाचणाऱ्या माणसासाठी, म्हणजे कमेंट.

मला इंग्रजी अक्षरांत 'पाणी' छापायचं होतं. एवढ्याशा शब्दाला तीन आठवडे लागले. कमेंट मराठीत चालेल, पण समजून केलंय हे दिसलं पाहिजे, असं कॉलेजनं सांगितलं होतं. मग मी घरी बोलतो तसंच लिहिलं: 'हितं धा येळा फिर', 'आता म्होरं सरक लई घाई नको'. एकाही कमेंटमध्ये विरामचिन्ह ठेवलं नाही. तोंडी परीक्षेला बाहेरून येणारे सर चिकलठाण्याच्या एका कंपनीत होते, आणि ज्याचं काम आवडेल अशा एकाला ते तिथं घेणार होते. मला गावी, वैजापूरला परत जायचं नव्हतं. ती जागा मला हवीच होती.

त्या दीडशहाण्यानं फक्त मुखपृष्ठ करायचं ठरलं होतं. परीक्षेच्या सकाळी सरांसमोर प्रोग्रामची फाइल उघडली, तर समोर: 'येथे दहा वेळा फिरावे.' 'आता, पुढे सरकावे.'

"तुझं गावठी सगळं शुद्ध केलं," तो कानाशी कुजबुजला. "बाहेरचे सर आहेत, लाज वाटली मला."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. आणि पुढच्याच क्षणी, खोटं कशाला बोलू, आनंदाच्या उकळ्या फुटल्या. कमेंटमधले ते ठिपकेही यंत्र हुकूम म्हणून पाळणार, हे मला कळलं होतं, त्याला नाही.

"कोणी लिहिलंय?" सरांनी विचारलं.

"मी, सर." माझ्याकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही.

त्यानं प्रोग्राम चालवला. कर्सर नुसता लुकलुकत राहिला. त्यानं एन्टर दाबलं, तर भलतीसलती अक्षरं सांडली आणि यंत्र पुन्हा थांबलं. त्याच्या मानेवर घाम आला होता. एका वाक्यात सगळं मिटलं असतं, पण मी ते वाक्य गिळलं.

सर माझ्याकडे वळले. "आणि तू काय केलंस?"

"काय नाय, सर. समदं त्यानंच केलंय."

आपलं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करतात म्हणे. मी केला, आणि कापताना जराही दुखलं नाही.

सरांनी त्याला जेवणानंतर परत बोलावलं. मी कँटीनमध्ये निवांत दोन समोसे खाल्ले. तेवढ्या वेळात त्यानं स्वतःच छापलेलं मुखपृष्ठ वाचलं. आठ चिन्हांची यादी त्यावरच होती. अक्कल होती त्याला, हे कबूल करायला मला आजही जड जातं. कमेंटमधली विरामचिन्हं तेवढी त्यानं काढली, प्रोग्राम चालवला, आणि चूक कशी सापडली तेही सरांना समजावून सांगितलं. जागा त्याला मिळाली. मी सरांकडे धावत गेलो, तर ते म्हणाले, "सकाळी तूच सांगितलंस ना?"

संध्याकाळी त्यानं गॅलरीतून पाइप खाली सोडला.

"म्होरं म्हण नाहीतर पुढे म्हण," तो हसून म्हणाला. "आज हवं तेवढं घे."

मी ड्रम भरला. दोन्ही बादल्या भरल्या. मग आत जाऊन तांब्या आणला आणि तोही भरून घेतला.