घाण पाण्याचा पाटकरी

जगदाळे मामा फोनवर दोनच शब्द बोलायचे. "सोडा" आणि "तोडा". पलीकडे शिपाई आहे की मॅनेजर, याच्याशी त्यांना काही कर्तव्य नसे. सकाळी सातला रिसीव्हर उचलायचा, नंबर फिरवायचा, "सोडा" म्हणायचं आणि ठेवून द्यायचा. नोकरीच्या पहिल्या दिवशी मला वाटलं, हा माणूस सकाळी सकाळी कुणाशी भांडतोय? आठवड्याभराने कळलं की अख्ख्या औद्योगिक वसाहतीचं सांडपाणी या दोन शब्दांवर चालतं.

वसाहत नवी मुंबईतली. नाव मुद्दामच लिहीत नाही. काळ नव्वदीच्या मधल्या वर्षांचा. सगळ्या कारखान्यांचं पाणी एका मोठ्या पाइपातून आमच्या सामाईक शुद्धीकरण केंद्रात यायचं, आम्ही ते साफ करून नाल्यात सोडायचो आणि नाला पुढे खाडीला मिळायचा. केंद्र बांधलं तेव्हा कारखाने थोडे होते. मग रंगांचे आले, औषधांचे आले; टाक्या मात्र होत्या तेवढ्याच राहिल्या. मी जुईनगरहून येणारी नवीकोरी केमिस्ट आणि मामा ऑपरेटर. कागदावर मी त्यांची वरिष्ठ होते. तसं मी एकदा बोलून दाखवलं, तेव्हा ते म्हणाले, "व्हय की. म्हणून तर मॅडम म्हणतो."

मामा साताऱ्याकडचे. तरुणपणी कालव्यावर पाटकरी होते, म्हणजे कुणाच्या रानाला किती तास पाणी मिळणार ती पाळी लावणारे. इथे आल्यावर रोज दुपारी टाकी तुंबताना पाहून त्यांनी तीच पद्धत लावली. रंगवाल्यांनी सकाळी सोडायचं, औषधवाल्यांनी दुपारनंतर, आणि आपली पाळी येईपर्यंत ज्याने त्याने आपलं पाणी आपल्या टाकीत धरून ठेवायचं. हा नियम कुठल्याही सरकारी कागदावर नव्हता. फोनवर कुणी ऐकलं नाही तर मामा सायकल काढून त्या कारखान्याच्या फाटकात जाऊन उभे राहायचे आणि पाणी बंद होईपर्यंत हलायचे नाहीत. "तिकडं लोकं पाणी घ्यायला भांडायची, हितं टाकायला भांडत्यात," ते म्हणायचे. "पाळी म्हंजे पाळी. तिथं पाटलाला सोडलं न्हाई, हितं कोण लागून गेला?"

एकदा एका मोठ्या कारखान्याचे साहेब गाडीतून आले. त्यांना दोन तास जादा हवे होते. मामांनी त्यांना हवेच्या टाकीच्या कठड्यापाशी नेलं. त्या टाकीत खालून हवा सोडतात, तपकिरी गाळ सतत घुसळत असतो आणि त्यात घाण खाणारे जिवाणू असतात. केंद्र जगतं ते त्यांच्या जिवावर. मामा त्यांना जित्राबं म्हणायचे.

"साहेब, दावणीच्या बैलाला चार दिसाची वैरण एकदम घातली तर काय हुईल?"

"मरेल," साहेब म्हणाले.

"आन् हे तर इख हाय," असं म्हणून मामांनी फाटकाकडे हात केला. साहेबांची गाडी आली तशी परत गेली.

ही जित्राबं मेलेली मामांनी एकदा पाहिली होती. मी येण्याआधी कुणीतरी गुपचूप ॲसिड सोडलं आणि टाकीतला सगळा गाळ एका दिवसात मेला. मामांनी तबेल्यातून टेम्पो भरून शेण आणलं, त्यात गूळ कालवला आणि दोन महिने खपून टाकी पुन्हा धरवली. त्या दोन महिन्यांत वसाहतीचं पाणी जसंच्या तसं खाडीत गेलं. तो विषय निघाला की ते "पुन्यांदा न्हाई" एवढंच बोलायचे आणि उठून जायचे.

फाटकावर म्हात्रे काका वॉचमन होते. केंद्राची जमीन मूळची त्यांच्या भावकीची. ती संपादनात गेली आणि बदल्यात त्यांना ही खुर्ची मिळाली. स्वतःचं म्हणावं असं त्यांच्याकडे उरलं होतं ते खाडीकाठचं एक तळं. भरतीचं पाणी उघाडीतून, म्हणजे बांधातल्या झडपेतून, आत घ्यायचं आणि जिताडे मासे वाढवायचे. जिताडा विकण्याजोगा व्हायला वर्षं लागतात. मामा आणि म्हात्रे काका रोज एकाच बाकावर डबा खायचे. मामांना माशाचे काटे काढता येत नसत. म्हात्रे काका ते काढून द्यायचे आणि वर "घाटी तो घाटीच र्‍हायला" म्हणून चिडवायचे. त्या दोघांकडे पाहून मला फार बरं वाटायचं.

खंडेनवमीचा आदला दिवस होता. पूजेसाठी सगळीकडे यंत्रं धुवून-पुसून ठेवतात. आधीच्या वर्षी कारखाने कमी होते, निभावून गेलं होतं. या वर्षी सगळ्यांनी एकाच दुपारी पिंपं, भांडी, फरश्या धुतल्या आणि ते सगळं पाणी एकदम सोडून दिलं. आम्हा कुणालाच हे आधी सुचलं नाही, मामांनाही नाही. आत येणाऱ्या पाण्याच्या वासाने माझे डोळे झोंबायला लागले. लिटमसचा कागद बुडवताक्षणी लालभडक झाला. मामा एकामागून एक नंबर फिरवत होते, पण लोक तोरणं बांधण्यात गुंतलेले. फोन कुणी उचलत नव्हतं. एवढ्या कारखान्यांच्या दारात एक सायकल कुठे कुठे जाणार?

आता दोनच वाटा होत्या. पाणी आत घेतलं तर जित्राबं मरणार आणि पुढचे दोन महिने सगळीच घाण खाडीत. नाहीतर बायपासचं चाक फिरवायचं, की हा एवढा लोंढा टाकीला वळसा घालून थेट नाल्यात. मामांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर टाकीकडे वळवली. त्यांनी चाक फिरवलं.

"दर्या मोठा हाय, मॅडम. वाहून जाईल," ते म्हणाले. तीन तासांनी चाक बंद केलं आणि रोजच्या नोंदवहीत स्वतःच्या हाताने लिहिलं, "बायपास मी उघडला." खाली वेळ टाकली, सही केली.

त्यांची चूक झाली ती पाटकऱ्याची चूक होती. पाटाला सोडलेलं पाणी पुढेच जातं. खाडीचं पाणी मागे फिरतं. त्या दुपारी भरती होती. नाल्यातून गेलेलं सगळं भरतीने परत उचललं, आणि म्हात्रे काकांच्या घरच्यांनी नेहमीप्रमाणे उघडलेल्या उघाडीतून ते तळ्यात भरलं. खंडेनवमीच्या सकाळी तळ्यातले सगळे जिताडे पोट वर करून तरंगत होते.

म्हात्रे काका अनवाणीच केंद्रात आले. "पानी कुनी सोरलं?"

"म्या सोडलं," मामा पुढे होऊन म्हणाले.

म्हात्रे काका ओरडतील, अंगावर जातील, असं मला वाटलं. ते नुसते बाकावर बसले. मग म्हणाले, "माना इचारायचं ना रं, भरती कवा हाय ती. फाटकावं तं बसलो होतो."

मामांनी मान खाली घातली. मग म्हणाले, "अर्ज कर. चौकशी लागंल. म्या साक्ष देतो, वहीत लिवलंय म्या. भरपाई मिळंल तुला."

अर्ज गेला. चौकशीच्या आधी आमच्या केंद्राच्या मॅनेजरनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर एक कोरी नोंदवही होती. "जुनी भिजली असं सांगायचं. महिन्याभराच्या नोंदी यात उतरवा. त्या दिवशी बायपास नाही. नोकरी करायची आहे ना?" घरात माझ्या एकटीचा पगार येत होता. मी नोंदी उतरवल्या. लाज वाटत होती, नाही असं नाही. पण हात थांबला नाही.

चौकशीला सरकारी अधिकारी आले. मामा त्यांच्यासमोर ताठ उभे राहिले. "साहेब, चाक म्या फिरवलं."

अधिकाऱ्यांनी वही चाळली. "इथे तर तसं काही नाही. हे अक्षर कुणाचं?"

"माझं," मी म्हणाले.

"नोंद बरोबर आहे?"

"हो."

मॅनेजर हसून म्हणाले, जगदाळेंची आणि म्हात्र्यांची दोस्ती आहे, मित्रासाठी बोलतायत. तिथेच अर्ज निकालात निघाला. आयुष्यभर नेमाने पाणी वाटणारा माणूस माझ्यामुळे चारचौघांत खोटा पडला. मामांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं आणि टोपी नीट करून बाहेर गेले.

ते मला काहीच बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. दुसऱ्या दिवशी सातला पुन्हा फोन, पुन्हा "सोडा" आणि "तोडा". दिवाळीनंतर वयाचं कारण देऊन त्यांना कमी केलं. शेवटच्या दिवशी त्यांनी मला टाकीपाशी उभं केलं आणि कुणाची पाळी कधी ते शाळेतल्यासारखं माझ्याकडून पाठ म्हणवून घेतलं. मी दोन ठिकाणी चुकले, त्यांनी सुधारलं. "आवाज चढवून बोला, मॅडम. हळू बोललं की लोकं पाणी चोरत्यात." मी महिनाभर फोन केले. माझं कुणी ऐकलं नाही. उन्हाळ्यात टाकी मेली आणि शेण आणायचं कुणाच्याच मनात आलं नाही. पुढे मीही नोकरी बदलली.

काही वर्षांनी जुईनगरच्या बाजारात म्हात्रे काका भेटले. तळं एव्हाना बुजवलं गेलं होतं, त्यावर इमारत उठत होती. "जगदाले गेला," ते म्हणाले. "दहाव्याला जाऊन आलो साताऱ्याला."

 इतकी वर्षं दाबून ठेवलेलं तिथेच, भाजीच्या पाट्यांमध्ये, तोंडातून बाहेर आलं. "काका, ती वही मी बदलली होती."

"माना ठावं हाय, बाय."

"कधीपासून?"

"चौकशी झाली त्याच सांजंला. घरा आला होता तो. बोलला, पोरीचं नाव घेऊ नको कुठं. तिचे घरान ती एकलीच कमावते."

"आणि तुम्ही ऐकलंत? तुमचं तळं गेलं होतं, काका."

म्हात्रे काकांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"नव्हतो आयकत," ते म्हणाले. "पाया परला तो माझे. तुझेसाठी."