ठाण्याहून आणलेली सिमेंटची बाई

फिरायला म्हणून लोक महाबळेश्वरला जातात. आम्ही ब्याण्णव साली, डोंबिवलीत नवी जागा घेतल्यावर, हॉल सजवायच्या नावाखाली कल्याण नि ठाणे केलं. दोन दिवसांची ट्रिप. परत आले तेव्हा माझी कंबर कामातून गेलेली, आणि पुढे कितीतरी महिने कुणी "चल, जरा फिरून येऊ" म्हटलं की माझ्या अंगावर काटा यायचा. तरीही घरात शिल्पं ठेवायची हौस कुणाला असेलच, तर आमचा अनुभव वाचून ठेवा.

खूळ आमच्या ह्यांचं. कुठल्याशा दिवाळी अंकात ह्यांनी वाचलं की हॉलमध्ये एक जुनं शिल्प नि एक नवं, अशी समोरासमोर ठेवली की घराला रुबाब येतो. आमचं घर दोन खोल्या नि किचन, तिसरा मजला, लिफ्ट नाही. सासूबाई म्हणाल्या, आधी पाण्याची टाकी बसवा. ऐकतील तर हे कसले!

नवं शिल्प माझ्या वडिलांकडून मिळणार होतं. अण्णा ठाण्यात शाळेत ड्रॉइंग शिकवायचे, आणि उरलेला सगळा वेळ टेंभी नाक्याजवळच्या चाळीतल्या खोलीत सिमेंटचे पुतळे करायचे. आता चाळ पाडायची ठरलेली. अण्णा माझ्या भावाकडे राहायला निघालेले, आणि तिथे माणसांनाच जागा पुरत नव्हती तर पुतळ्यांना कुठली.

तर शनिवारी आधी कल्याण, जुन्या वस्तूसाठी. पारनाक्याच्या बाजूला गल्लीबोळात तेव्हा जुन्या घरांच्या पाडकामाचं सामान विकणारे एक-दोघे बसायचे. दारं, खांब, पितळी समया, सगळं एकावर एक. उन्हात तीन तास हिंडलो. माझी चप्पल तुटली. शेवटी ह्यांना एका ढिगात हातभर उंचीचा काळ्या दगडाचा द्वारपाल सापडला. नाक नाही, डावा हात कोपरापासून गायब. दुकानदार म्हणाला, साहेब, नाक नवीन बसवून देतो. ह्यांनी नको म्हटलं. तुटकं असलं की जास्त जुनं दिसतं म्हणे. (आता कुणी असलं काही घेत असाल तर कागदपत्रं आधी बघा. इतक्या जुन्या मूर्तींची सरकारदरबारी नोंद लागते. आम्ही तेव्हा अडाणी होतो.)

वडापाव खाल्ला, वर कटिंग घेतला, नि एसटी पकडली. दुर्गाडीचा पूल, मग कोन, भिवंडी, कशेळी, असं करत ठाण्यात खोपटला उतरायला संध्याकाळ झाली. खड्डे असे की बोलताना जीभ चावली जायची. कंडक्टरने द्वारपालाचं वेगळं लगेजचं तिकीट फाडलं, ह्यावरून हे त्याच्याशी भिवंडीपर्यंत भांडले. मी खिडकीला डोकं टेकून डोळे मिटून घेतले आणि ही कोण माणसं, मला माहीत नाही, असा चेहरा केला.

रविवारी सकाळी ठाण्यात मिसळ खाल्ली. ठाण्यात जाऊन मिसळ न खाणारा माणूस मला अजून भेटायचाय. मग अण्णांची खोली आवरायला घेतली. वीसेक पुतळे होते. तीन शाळेने ठेवून घेतलेले, ते खेळाच्या खोलीत चटयांच्या मागे पडलेत असं अण्णांनीच सांगितलं. एक शेजाऱ्यांना दिलेला, त्यावर ते ओले टॉवेल वाळत घालत. एकदा प्रदर्शन लावलं, तर लोक येऊन विचारायचे, हे अर्धवट का ठेवलंय.

मला त्यांनी जी दिली ती दीडेक फुटाची बसलेली बाई. नाक-डोळे नाहीतच. एक गुडघा वर, एक हात कुठेतरी पाठीमागे गेलेला. खरं सांगायचं तर मला तो सिमेंटचा गोळाच वाटला. तसं तोंडावर म्हणवेना, म्हणून मी छान आहे म्हटलं. अण्णांना ते कळलं असणार.

ते म्हणाले, "शोभेला ठेव, काहीही कर. पण कुणाच्या तरी नजरेसमोर ठेव. तीस वर्षांत माझं काम कुणी धड बघितलेलं नाही गं."

मी हो म्हटलं. पण कोण बघणार होतं? हे सकाळी सातला बाहेर पडायचे, मी आठला. घरी दिवसभर सासूबाई, आणि त्यांची कला म्हणजे कॅलेंडरवरची लक्ष्मी.

ट्रेनमध्ये बाईला धक्का लागेल म्हणून अण्णांनी ओळखीचा एक टेम्पो ठरवलेला. तो रिकामे पिंप घेऊन डोंबिवलीच्या एमआयडीसीत निघालेला. हे मागे पिंपांमध्ये, द्वारपालासकट. मी पुढे, आणि माझ्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेली बाई, पंधरा किलोपेक्षा कमी नसेल. मुंब्रा, शीळफाटा, मानपाडा रोड. त्या वेळचा तो रस्ता ज्यांनी बघितलाय त्यांना काही सांगायला नको. ड्रायव्हरने विचारलं, ताई, पुतळा कोणाचा? मी म्हटलं, भाऊ, तुम्ही पुढे बघून चालवा.

तीन जिने चढून दारात आलो तर सासूबाई उंबऱ्यात आडव्या. द्वारपालाचं नसलेलं नाक बघून म्हणाल्या, खंडित मूर्ती माझ्या जिवात जीव असेपर्यंत घरात येणार नाही. हे पुरातन कला वगैरे सांगू लागले. काही उपयोग झाला नाही. द्वारपाल दोन दिवस जिन्यात राहिला आणि मग कंपाउंडमधल्या पिंपळाखाली गेला. बाई मात्र आत आली, कारण ती मुळातच अशी, तुटलीय असं कुणाला म्हणता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर बाईच्या कपाळाला कुंकू, पुढ्यात जास्वंद. मी हबकलेच. अण्णा आयुष्यात कधी देवळाची पायरी चढले नाहीत. त्यांच्या कामाची अशी देवी झालेली त्यांनी बघितली असती तर? मग माझा एक उद्योग वाढला. ऑफिसला निघताना रोज ओल्या फडक्याने कुंकू पुसायचं. संध्याकाळी यावं तर परत लावलेलं. सासूबाईंना बोलायची माझी हिंमत नव्हती, आणि रोज भांडण काढायचं त्राणही नव्हतं.

महिन्याभराने एका रविवारी अण्णा न कळवता आले. त्या दिवशी नेमकं पुसायचं राहिलेलं. ते दारातच थांबले आणि त्यांचा चेहरा असा पडला की मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"ही देवी नाही हो, विहीणबाई," ते म्हणाले.

सासूबाई मेथी निवडत होत्या. "ठाऊक आहे की मला. देवी अशी बसते होय? ही घरातलं सगळं आवरून आत्ता कुठे टेकलीय. कमरेत भरलंय तिच्या, हात बघा ना कुठे ठेवलाय. नि गुडघा वर, कोणी हाक मारली की उठायच्या तयारीत."

अण्णांनी विचारलं, मग कुंकू कशाला.

"अशा बाईला कोण हात जोडतं? म्हटलं, आपण जोडावेत."

अण्णा खाली सतरंजीवर बसले. उठायच्या तयारीत, एवढंच दोनदा स्वतःशी म्हणाले, नि त्यांचे डोळे भरून आले. त्या एका गुडघ्यावर सहा महिने घालवलेले, हे त्यांनी मला नंतर सांगितलं.

आता दोघंही नाहीत. बाई हॉलमध्ये आहे, पाठीला एक बारीक चीर गेलीय. त्या ट्रिपचं काय उरलं म्हणाल तर एक सल उरलाय. मी तिला ठाण्याहून मांडीवर घेऊन आले, महिनाभर रोज पुसली, आणि मला ती दिसली नाही. अण्णांची मुलगी मी, दिसली सासूबाईंना. त्यानंतर अण्णा दर महिन्याला यायचे, पिशवीत नवी स्केचेस घेऊन. मी दार उघडलं की चपला काढता काढता विचारायचे, "विहीणबाई आहेत ना घरी?"