एकशे बारा नंबरची बाटली

आमच्या लातूरच्या कॉलेजात एक मशीन आहे. पाण्याचा बारीक फवारा त्याच्या ज्योतीत गेला की त्यात लोह किती, शिसं किती, तांबं किती, हे ते आकड्यांत सांगतं. त्या ज्योतीला प्लाझ्मा म्हणतात. ती सूर्याच्या पृष्ठभागापेक्षा जास्त तापते असं मी दरवर्षी वर्गात सांगते आणि मुलं दरवर्षी आ वासतात. देविदासमामा मात्र तिला नुसतं 'दिवा' म्हणायचे. सकाळी मी विचारायचं, "मामा, दिवा लावला का?" आणि त्यांनी म्हणायचं, "हाव मॅडम, लागला." नऊ वर्षं आमचं दिवसातलं पहिलं बोलणं हेच होतं, आणि पुष्कळदा शेवटचंही.

मामा लॅब अटेंडंट. अठ्ठावीस वर्षं नोकरी. गाव देवणीजवळचं. लातुरात बसस्टँडच्या मागे एक खोली, खोलीत एक खाट, एक स्टोव्ह, एक आरसा. बायको नागाबाई गावीच राहायची, कारण तीन एकर जमीन होती, एक गाय होती आणि अंथरुणाला खिळलेली सासू होती. मूलबाळ नव्हतं. शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं मामा गावी जायचे, सोमवारी पहाटेच्या एसटीनं यायचे. रिटायर झालो की मग एकत्र राहू, असं नवरा-बायकोचं ठरलं होतं. आधी सासू गेली. मग दोन वर्षांपूर्वी तीन दिवसांच्या तापानं नागाबाईच गेली. मामांची नोकरी तेव्हा दोनच वर्षं उरली होती.

त्यानंतर मामा रविवारीही लॅबमध्ये यायला लागले. काम नसायचं. आधीच धुतलेल्या बाटल्या पुन्हा धुवायचे. मी त्यांना घरी जेवायला बोलावीन बोलावीन म्हणत राहिले आणि बोलावलं नाही. माझं घर लॅबपासून दहा मिनिटांवर आहे. याची मला आता लाज वाटते, आणि ती वाटलीच पाहिजे.

यंदा आमच्या प्राचार्यांच्या डोक्यात आंतरराष्ट्रीय परिषद शिरली. विषय, प्लाझ्माच्या मदतीनं रासायनिक विश्लेषण. मूल्यांकन समितीच्या फायलींनी आम्ही आधीच वाकलो होतो, त्यात हे. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं. आंतरराष्ट्रीय म्हणजे दोन पाहुणे प्रत्यक्ष येणार, एक जपानहून आणि एक जर्मनीहून, आणि बाकीचे पडद्यावर. तरी गेटवर कमान लागली, फेट्यांची ऑर्डर गेली, आणि त्या दोघांना तिखट चालेल का यावर तीन बैठका झाल्या.

पहिलं व्याख्यान आमच्या राजशेखर सरांचं होतं. सर आमचे विभागप्रमुख. त्यांनी नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या दोनशे चौदा गावांचं पाणी तपासलं होतं, धर्माबाद, नायगावपासून देवणीपर्यंत. प्रत्येक गावची एक बाटली, प्रत्येक बाटलीला नंबर. नकाशावर दोनशे तेरा ठिपके निळे होते आणि एक लालभडक. त्या एका गावच्या हातपंपाच्या पाण्यात तांबं इतर गावांच्या कितीतरी पट निघालं होतं. खालच्या खडकात काहीतरी आहे, असा सरांचा सिद्धांत होता, आणि सगळं व्याख्यान त्या लाल ठिपक्यावर उभं होतं. पुन्हा पाणी आणायची सोय नव्हती. तो हातपंप मध्यंतरी आटला आणि बुजवला गेला. होती ती एकच बाटली, नंबर एकशे बारा. सरांनी ती तीनदा तपासली, तीनदा तोच आकडा आला.

परिषदेच्या आदल्या दुपारी सरांनी लॅबमध्ये व्याख्यानाची तालीम केली. मामा कोपऱ्यात दिव्याला लागणाऱ्या आरगॉन वायूच्या सिलेंडरला चावी लावत होते. इंग्रजी त्यांना कळत नव्हतं, म्हणून मी हौसेनं म्हटलं, "मामा, तो लाल ठिपका बघा. तुमचं गाव आहे. उद्या जपानपर्यंत जाणार."

मामांनी चावी खाली ठेवली. "कोणत्या बाटलीचं हाय ते?"

"एकशे बारा."

मामा पडद्याजवळ जाऊन त्या ठिपक्याकडे बघायला लागले. हरखले असतील असं मला वाटलं. मी शहाणी, मला तेवढंच कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी गेले तेव्हा दिवा लागला होता, आणि मामा फ्रीजसमोर स्टूल टाकून बसले होते. हातात एकशे बारा नंबरची बाटली. तळाशी चार-पाच चमचे पाणी उरलं होतं. सर पाहुण्यांना मशीन दाखवायची तयारी बघायला आले, आणि त्यांच्यासमोर मामा उभे राहिले.

"सर, हे पाणी पंपाचं न्हाई. म्हंजे पंपाचंच हाय, पर घागरीतलं हाय."

"कसली घागर?"

"तांब्याची."

मग मामांनी सांगितलं. पाण्याचे नमुने घ्यायला सर आणि मामा जीप घेऊन गावात गेले होते. मामांचं घर वाटेवरच. सर ओसरीत चहाला टेकले. नागाबाई बाहेर आली आणि तिनं मामांच्या हातातली रिकामी बाटली घेतली. म्हणाली, तुम्ही बसा, पाणी मी भरून देते. साहेब वाटेत प्यायला पाणी नेत असतील, अशी तिची समजूत. बाटली ॲसिडनं धुतलेली असते, तिला आंबूस वास आला. तिनं चुलीतली राख घेऊन बाटली आतून-बाहेरून घासली. मग सकाळीच चिंचेनं लखलखीत केलेली घागर उचलली आणि तिच्यातलं पाणी भरलं.

"आन् तुम्ही बघत होता?" सर चिडले की उदगीरकडचं बोलायला लागतात. "दोनशे चौदा बाटल्या तुम्हीच धुतल्या, मामा! पंपाखालीच भरायची, दुसऱ्या भांड्याला शिवायची न्हाई, हे लोकांना सांगत तुम्हीच फिरलात ना?"

"बघत होतो, सर. दाराच्या चौकटीतच हुबा होतो." मामांनी बाटली दोन्ही हातांनी धरली होती. "पर तुमच्यापुढं तिला कसं टोकू? ती पाव्हण्याचा मान करायली होती. पंपाचं पाणी असं उघडं कोन देतंय घरी आलेल्या मानसाला? मला वाटलं, दोनशे बाटल्यांत एक. काय फरक पडतोय."

"मग नंतर तरी सांगायचं! तीन वर्षं झाली!"

"नंतर ती गेली, सर."

सर जवळच्या स्टुलावर टेकले.

"तुम्ही तीनदा मोजलं, तीनदा तेच आलं," मामा म्हणाले. "मला बरं वाटायचं. तिच्या हाताचं पाणी हाय म्हणून. काल पडद्यावर बघितलं तवा तर लई बरं वाटलं. रातभर मग झोप न्हाई. खोटं हाय ते, सर. दगडात तांबं न्हाई आमच्या गावच्या."

झाकली मूठ सव्वा लाखाची होती. मामा गप्प बसले असते तर कुणाला कधी कळलं नसतं, आणि पुढच्या महिन्यात ते रिटायर होऊन गेले असते. खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्याही मनात आलं की कशाला बोलले.

सरांनी घड्याळ बघितलं. व्याख्यानाला दोन तास होते. "राख म्हणता ना? राखेत पोटॅशियम असतं," ते माझ्याकडे वळून म्हणाले. "आपण फक्त जड धातू बघितले होते. पोटॅशियम बघितलंच नाही. आता बघू, जास्त निघालं तर राखेचं खरं. पण तीन वेळा घ्यावं लागेल. उरलेलं सगळं पाणी जाईल."

शेवटचं वाक्य ते मामांकडे न बघता बोलले.

"मी लावू का?" मी विचारलं.

"न्हाई मॅडम. मीच लावतो."

मशीनच्या बारीक नळीचं टोक मामांनी बाटलीत सोडलं. बाटली थोडी तिरपी धरली, तळाचा थेंबही यावा म्हणून. पाणी नळीतून हळूहळू वर चढत होतं. ज्योतीसमोर काळ्या काचेची लहान खिडकी असते, मामा तिच्यातून बघत राहिले.

"तांबं जळलं की ज्योत हिरवी हुतीय म्हनं ना, मॅडम?"

"होते. पण पुष्कळ तांबं लागतं, मामा."

"आसं व्हय." तरी ते बघत राहिले. ज्योत होती तशीच पांढुरकी निळी राहिली. चार मिनिटांत बाटली रिकामी झाली, नळीत हवा शिरली आणि बुडबुडे दिसायला लागले. पडद्यावर पोटॅशियमचा आकडा आला. इतर गावांच्या मानानं तो इतका मोठा होता की सरांना पुढे बोलावं लागलं नाही. त्यांनी लॅपटॉप उघडला आणि लाल ठिपका पुसला.

व्याख्यान जेमतेम झालं. दोनशे तेरा निळे ठिपके बघायला कुणाला हौस असते? जर्मन पाहुण्यांनी एकच प्रश्न विचारला, छापील गोषवाऱ्यात दोनशे चौदा गावं आहेत, एक कुठे गेलं? सर म्हणाले, "नमुना घेताना चूक झाली, चूक माझी आहे, मी चहा पीत बसलो होतो." सभागृह हसलं. लोकांना तो विनोद वाटला. मामा मागच्या दाराशी पाण्याचे जार बदलत होते, त्यांना त्यातलं काही कळलं नाही. मी नंतर त्यांना सांगितलं.

संध्याकाळी पाहुणे गेल्यावर मी त्यांना एकदाची जेवायला बोलावलं. "येतो की," म्हणाले. मी दोन भाज्या केल्या. ते आले नाहीत. मी फोन केला तर लॅबमध्येच होते.

लॅबमध्ये एक जाड रजिस्टर आहे. बाद झालेल्या नमुन्यासमोर शेवटच्या रकान्यात कारण लिहावं लागतं. ते काम मामांचं. सर त्यांना जाताना सांगून गेले होते, "कंटॅमिनेशन लिहा." दुपारी मामांनी मला विचारलं होतं, त्याला मराठीत काय म्हणतात? मी सांगितलं, दूषित. ते पेन हातात धरून बराच वेळ बसून राहिले होते.

दुसऱ्या दिवशी मी रजिस्टर उघडलं. एकशे बारा नंबरपुढे, रकान्यात मावेना म्हणून समासापर्यंत नेऊन, मामांच्या गोल गोल अक्षरात लिहिलं होतं: "बाटली राखेनं घासून, घागर चिंचेनं लख्ख करून, स्वच्छ पाणी भरून दिलं. नागाबाई."

खाली सरांनी सही केली होती.