साचाबोली बा आणि भाड्याचा बंगला

माझ्या बायकोला खोटं बोलता येत नव्हतं. लोक ह्याला गुण म्हणतात. म्हणू देत. अशा बाईला बरोबर घेऊन त्यांनी एकदा बडोद्यात भाड्याचा बंगला शोधावा आणि मग माझ्याशी बोलावं.

ती काही साध्वी वगैरे नव्हती. भांडायची, हट्ट करायची, घोरायची, आणि घोरते हे कबूलही करायची. पण कोणी काही विचारलं की जे असेल ते तोंडातून बाहेर. "आहे ते आहे, नाही ते नाही." हे वाक्य मी दिवसातून चार वेळा ऐकलं, आणि चारही वेळा त्याच्या मागून काहीतरी लफडं आलं.

खंडेराव मार्केटात तिचा एक ठरलेला भाजीवाला होता. एकदा चार गिऱ्हाईकं उभी असताना त्यानं लाडानं विचारलं, "बा, कालनी भेंडी केवी हती?" ही म्हणाली, "निबर. दोऱ्या निघाल्या नुसत्या." दोन बायका पिशव्या उचलून पुढे गेल्या. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "आस्ते बोलो ने बा, घराक उभा छे." तर ही म्हणते, "मग विचारलंस कशाला?"

निजामपुऱ्यात आमच्या खालच्या मजल्यावरच्या मुलीचं लग्न जमत होतं. मुलाकडची माणसं चौकशीला आमच्याकडे आली. शेजारधर्म म्हणून माणूस काय सांगतो? पोरगी गुणी आहे, संपलं. ही म्हणाली, "पोरगी सोन्यासारखी आहे. पण रागावली की दोन दिवस जेवत नाही. आईवर गेली आहे." आई वर्षभर आमच्याशी बोलली नाही. लग्न मात्र झालं. तो जावई पुढे मला जिन्यात भेटला तेव्हा म्हणाला, "काका, काकींनी सांगून ठेवलं ते बरं झालं. मी आपला दोन दिवस थांबतो." पण ही चांगली बाजू मला तेव्हा दिसत नसे. मला फक्त डोक्याला हात लावणं ठाऊक होतं.

आता बंगल्याचं सांगतो. आमचा मुलगा सुनील बंगळुरात मोठ्या हुद्द्यावर होता. मी गोरव्याच्या कारखान्यात लेथवर जन्म काढला, सातवीच्या पुढे शाळा पाहिली नाही, आणि ह्याच्या हाताखाली शंभर माणसं. त्यानं बदली मागून घेतली ती आमच्यासाठी, आणि आधी एकटाच आला. हिच्या गुडघ्यांना तिसरा मजला झेपत नव्हता. तो म्हणाला, आपण सगळे एकत्र राहू, मोठं घर भाड्यानं घेऊ, तुम्हाला खालची खोली. पण जूनच्या आत घर मिळायला पाहिजे. नाही मिळालं तर सूनबाई मेघना आणि सात वर्षांची नात रेवा आणखी एक वर्ष तिकडेच राहणार, कारण शाळा मध्येच सोडता येत नाही. म्हणजे सगळा खेळ त्या एका पोरीसाठी होता. आणि तिच्यासाठी सगळ्यात जास्त जीव कोणाचा तुटत होता, तर हिचा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर जूनचं पान ती रोज उलटून बघायची.

भायली, वासणा, सेवासी, ह्या बाजूला आता असले बंगले झाले आहेत की घरातल्या घरात लिफ्ट. मालक अमेरिकेत, चावी भावाकडे नाहीतर काकाकडे. आणि एका बंगल्यामागे सहा कुटुंबं लागलेली. सकाळी फोटो आला की दुपारी बंगला गेलेला. आमचा दलाल मुकेशभाई म्हणायचा, "दादा, पैसा तो बधा पासे छे, सगळ्यांकडे आहे. मालक माणूस बघतो." म्हणून मुलाखत. जणू काही मुलगी बघायला आले आहेत. आणि मुलाखतीला म्हातारी माणसं बरोबर पाहिजेत, कारण घरात म्हातारं माणूस दिसलं की मालकाला भरवसा वाटतो. म्हणजे हिला घरी ठेवायची सोय नाही.

पहिला बंगला वासण्याचा. बैठकीत पितळी कड्यांचा झोपाळा, मागे बाग. मालकाच्या काकांनी चहा दिला, कुठे नोकरी, किती माणसं, सगळं विचारून झालं, आणि मग हसत हसत तो प्रश्न आला जो ह्या गावात येतोच. "नॉनवेज तो नथी खाता ने?"

दिवाळीच्या सुट्टीत आलेली मेघना लगेच म्हणाली, "नाही नाही अंकल, आम्ही प्युअर व्हेज." ठरलेलंच होतं ते. मुकेशभाईनं गाडीत पढवलं होतं. सगळे हेच सांगतात, आणि मालकालाही ते माहीत असतं. पण काकांची नजर वडीलधारी म्हणून हिच्याकडे गेली. ही बशी खाली ठेवून म्हणाली, "खातो ना. रविवारी मटण. आणि ह्यांना बुधवारी मासे लागतात." वर माझ्याकडे बोट!

काका चांगले होते. त्यांनी चहा पुरता पिऊ दिला. गाडीत मुकेशभाई स्टिअरिंगवर डोकं टेकवून बसला आणि म्हणाला, "साचाबोली बा! तमे तो मारो धंधो बंध करावशो." तेव्हापासून तिचं नाव साचाबोली बा, म्हणजे खरं बोलणारी आई, पडलं ते पडलंच.

दुसऱ्या खेपेला सुनीलनं तिच्यापुढे हात जोडले. "आई, खोटं बोलू नकोस. पण खरंही बोलू नकोस. गप्प बस." ही म्हणाली, "बसते." आणि बसली. सेवासीचा बंगला होता. मालकीणबाई तिच्याशीच बोलायला लागल्या. बा, तबियत कशी? गाव कुठलं? ही देवळातल्या मूर्तीसारखी समोर बघतेय. मालकीणबाई गोंधळल्या. मुकेशभाई घाईघाईनं म्हणाला, "बाने संभळातुं नथी." ऐकू येत नाही म्हणून सांगितलं.

झालं. ही म्हणाली, "ऐकू येतं हो मला चांगलं. बोलू नको म्हणून सांगितलंय."

त्या दिवशी मी रस्त्यात तिच्यावर ओरडलो. साठीच्या पुढचा माणूस भर रस्त्यात बायकोवर ओरडतोय आणि लोक बघताहेत. "अगं, सगळं जग खोटं बोलतं! एवढ्यानं काय आकाश कोसळणार होतं?" ती गुडघा चोळत ओट्यावर बसली आणि म्हणाली, "अहो, मी मुद्दाम करत नाही. विचारलं की येतं तोंडात."

दिवाळीपासून होळीपर्यंत असे सात बंगले गेले. एका ठिकाणी मेघनानं युक्ती काढली. ती पुन्हा सुट्टीत आली होती. म्हणाली, घरात शिजवायचं नाही, बाहेर खायचं, म्हणजे "घरात करत नाही" हे खरंच होईल. ही खूश झाली. त्या दिवसापासून आमच्या घरातलं मटण बंद. का, तर आधी खरं करून मग सांगायचं. तीन आठवडे मी रविवारी दुधीभोपळा खाल्ला. आणि मालकानं विचारल्यावर ही काय म्हणाली? "घरात करत नाही. तीन आठवडे झाले."

सातवा बंगला गेल्यावर सुनीलचा तोल सुटला. "आई, तुझ्यामुळे पोरगी येत नाहीये. लक्षात ठेव." घरी आल्यावर ती तिसऱ्या मजल्यापर्यंत दर सहा पायऱ्यांवर थांबली. वर आल्यावर पाणी पिऊन मला म्हणाली, "पोरगी आली की पहिल्या दिवशी तिला काय शिकवायचं? बाहेर कोणी विचारलं तर नाही म्हण, असंच ना? त्याच्यासाठी आणायचं का तिला?" मी म्हणालो, "तू आता मला शहाणपण शिकवू नकोस." तिच्याशी बोललेलं हे माझं शेवटचं धड वाक्य. पुढे मी रुसूनच होतो. होळी झाली आणि चौथ्या दिवशी पहाटे ती अंथरुणातच गेली. डॉक्टर म्हणाले हृदय. मी त्यांना विचारलं, जिन्यानं होतं का असं? ते म्हणाले, आता विचारून काय उपयोग.

तिच्या माघारी घर एका फेरीत मिळालं. भायलीचा बंगला, खाली माझी खोली, वर रेवाची. मालक अमेरिकेत आणि चावी त्याच्या मोठ्या भावाकडे, ज्याला सगळे मोटाभाई म्हणतात. त्यानं प्रश्न विचारला आणि वडीलधारा म्हणून माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, "छे छे. आमच्यात कोणी शिवत नाही." जीभ अडखळली नाही. संध्याकाळी चावी हातात. मुकेशभाईनं पेढा दिला. तो मी खाल्ला नाही.

जूनमध्ये रेवा आली. पहिल्या दिवशी मेघनानं तिला जवळ घेऊन तेच सांगितलं जे हिनं म्हटलं होतं: बाहेर कोणी विचारलं तर नाही म्हण. पोरगी हुशार. लवकर शिकली. एकदा मी अंगणात बसलो होतो आणि ती शेजारच्या मुलींना सांगत होती, "आमच्याकडे तर आजोबांनी अंडंसुद्धा कधी पाहिलं नाही." काय सफाई! डोळ्याची पापणी लवली नाही. मला बायकोचा राग आला. मेली ती मेली, आणि स्वतःचं म्हणणं खरं करून गेली.

हिला जाऊन वर्ष भरत आलं. आमच्या घराण्यात अशी रीत आहे की वर्षश्राद्धाचं गोड जेवण झालं की दुसऱ्या दिवशी गेलेल्या माणसाच्या आवडीचं तिखटाचं, म्हणजे मटणामाशाचं, पान ठेवायचं. घरात शिजवून. बाहेरून आणलेलं चालत नाही. सुनील म्हणाला, "बाबा, निजामपुऱ्याच्या घरात करू. भाडेकरू नाही अजून." मेघना म्हणाली, "नाहीतर खिडक्या लावून करते, उदबत्त्या लावू." मी ऐकत होतो. मेल्यावरसुद्धा हिचं जेवण खिडक्या लावून?

चपला घातल्या आणि मोटाभाईकडे गेलो. तो झोपाळ्यावर बसला होता. बडोद्याचा जुना माणूस, मराठी बऱ्यापैकी बोलतो. मी उभ्याउभ्याच सांगितलं. "मी तुम्हाला खोटं बोललो होतो. आम्ही खातो. परवा माझ्या बायकोचं तिखटाचं पान आहे. तुमच्या भावाच्या घरात मटण शिजणार आहे."

झोपाळा थांबला. "काका, आ शुं कर्युं तमे?" त्यानं दोन्ही हात कपाळाला लावले. "गुपचूप केलं असतं तर मला वास आला नसता. आता सांगितलंत. आता वास येणारच ना!" खरं सांगतो, मला त्याची दया आली. मीही चाळीस-पंचेचाळीस वर्षं असाच कपाळाला हात लावून बसत होतो. तो म्हणाला, "माझी आई अजून बसली आहे घरात. भावाला काय सांगू? तुमच्या बेबीची परीक्षा होऊ द्या, मग चावी परत द्या." आणि मी वळलो तर मागून, "बाकी सोसायटीत कोणाला सांगू नका हं!"

मी म्हणालो, "कोणी विचारलं तर सांगणार."

"काका!"

घरी सुनील भडकला. "आई निदान विचारल्यावर सांगायची. तुम्ही तर न विचारता जाऊन आलात!" हे बरोबर होतं. मुकेशभाईला फोन केला तर पलीकडून आधी लांब श्वास, मग, "बा गयां, तो हवे दादा चालु थया!" बा गेल्या, आता दादा सुरू. पण नवे फोटो त्यानं त्याच दिवशी पाठवले. आता परीक्षा होईपर्यंत पुन्हा तीच वरात, तेच झोपाळे, तोच चहा. मिळेल की नाही देव जाणे. नाही मिळालं तर निजामपुऱ्याच्या दोन खोल्या आणि तिसरा मजला आहेच. रेवाची शाळा आता इथलीच आहे, ती काही परत जात नाही.

तिखटाच्या दिवशी सकाळी मेघनानंच गाडी काढली, आमच्या जुन्या खाटकाकडे मला घेऊन गेली, आणि घरी येऊन स्वयंपाकघराच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. हिचा मसाला तिनं कधी केला नव्हता. मला विचारत विचारत केला, आणि मला तरी कुठे ठाऊक होता? मी फक्त खात आलो.

पान ठेवलं. नमस्कार केला. मग आम्ही जेवायला बसलो. पहिला घास तोंडात घातला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण मीठ बेसुमार पडलं होतं. ही असती तर ताट पुढे सरकवून तोंडावर सांगितलं असतं. मेघना माझ्याकडे बघत होती. पोरीनं सकाळपासून पाठ टेकली नव्हती. मी म्हणालो, "छान झालंय. अगदी तिच्यासारखं."

मेघनानं स्वतः एक घास घेतला, तोंड वाकडं केलं, आणि रेवाच्या समोर मला म्हणाली, "बाबा, खोटं बोलू नका."