आतला डबा

"या, बसा. कोण पाहिजे आपल्याला?" असं ती आपल्या पोटच्या मुलाला म्हणाली.

सकाळचे दहा वाजले होते. रिक्षा दारात उभी होती. ती मागच्या अंगणात पाट टाकून बसली होती आणि मांडीवरच्या सुपातून शेंगदाणे निवडत होती. सुपात एकही दाणा नव्हता. चिमटीत काहीतरी धरायची, उजेडात फिरवून बघायची, डावीकडे टाकायची. मुलगा पायरीवर बसून रडत होता. तिला वेड्यांच्या इस्पितळात न्यायचं त्यानं ठरवलं होतं.

मी म्हटलं, "रडतोस काय? तिच्या पायात चपला घाल."

अकरा वर्षं मी तिच्याकडे कामाला होते. चामराजपेटेत तिचं घर, आणि अंगणात चटणीपुडीचा, म्हणजे शेंगदाण्याच्या कोरड्या चटणीचा, धंदा. नवरा गेल्यावर तिनं तो एकटीनं उभा केला. माझ्यापेक्षा मोठी, म्हणून मी तिला अक्का म्हणायची. ती मला कशानेच हाक मारायची नाही. "डोळे घरी ठेवून आलीस काय?" असं ऐकू आलं, की मला बोलावतेय हे समजायचं. अशी एखादी बाई तुमच्याही आळीत असेल. तिच्या हातचं सगळे खातात आणि तिच्या तोंडाला सगळे भितात.

दाणे निवडताना ती दोन ढीग करायची. टपोरे, स्वच्छ दाणे विकायच्या चटणीसाठी. सुरकुतलेले, काळपट, हिरवट बुरशी धरलेले बाजूला. एकदा एक हॉटेलवाला म्हणाला, "अक्का, त्यातले स्वल्प मिसळले तर काय बिघडतं? मिरचीत कुणाला कळतंय?" तिनं त्याच्या हातातली पिशवी परत काढून घेतली. "मला कळतं. साकु, पुरे, जा आता." तो पुढच्या आठवड्यात मान खाली घालून आला.

पण बाजूला काढलेलं ती टाकायची नाही. गरम पाण्यात धुवायची, उन्हात वाळवायची, करपेपर्यंत भाजायची आणि दुप्पट लसूण घालून कुटायची. ती चटणी स्वयंपाकघरातल्या एका ॲल्युमिनियमच्या डब्यात जायची. तो डबा तिचा. ती सकाळी भाकरीशी खायची, दुपारी नाचणीच्या मुद्द्याच्या गोळ्याशी खायची. मी एकदा चिमूटभर जिभेवर ठेवली आणि थुंकली.

"अक्का, कडू आहे हो."

"मग मिरची वाढव."

"बुरशी आहे यात."

"धुतली की. घरात चालतं गं."

मला मात्र तिनं त्या डब्यातलं कधी दिलं नाही. माझ्या पानात विकायची चटणी वाढायची. मुलगा बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात होता. दोन्ही वेळचं तिथल्या कँटीनमध्ये खायचा, घरी आला तर दहीभात. डबा ती एकटीच संपवायची.

मग सलग दोन वर्षं पोती ओली आली. बाजूचा ढीग वाढला. डबा पुरेना, म्हणून तिनं मोठा डबा काढला.

पहिल्यांदा बदललं ते तिचं तोंड. मला बसणारी बोलणी बंद झाली. दुपारी मी दाणे पाखडायची तेव्हा त्यांची तांबूस सालं उन्हात उडायची. अंगणभर तरंगत राहायची. एरवी ती ओरडली असती, की झाडणार कोण. आता हात मांडीवर ठेवून बघत बसायची.

"किती सावकाश येतायत बघ खाली," म्हणायची. "त्यांना घाईच नाही."

दिवसा डुलक्या घ्यायची. बोलता बोलता वाक्य सोडून द्यायची आणि हसायची. एक दिवस म्हणाली, "हळू बोल. आई आत निजलीय." तिची आई जाऊन तीस वर्षं झाली होती. पण मी हळू बोलले. दोघीही दुपारभर हळू बोलत होतो. बाहेर फेरीवाला ओरडला तर तिनं त्यालाही बोट ओठावर ठेवून गप्प केलं.

एकदा मिठाच्या जागी साखर पडली आणि तो माल हॉटेलात गेला. हॉटेलवाला धावत आला. पूर्वीची अक्का लाजेनं मेली असती. ही म्हणाली, "सरी, असू दे, गोड खा की एक दिवस." आम्ही पोट धरून हसलो.

शेजारणी म्हणायच्या, वय झालं, देवाकडे लक्ष लागलं. मीही मान डोलावली. खोटं कशाला सांगू, मला ती तशी आवडत होती. एका दुपारी तिनं मला पुढ्यात बसवलं, माझी वेणी सोडून पुन्हा घातली आणि अबोलीचा गजरा माळला. "केस छान आहेत गं तुझे," म्हणाली. अकरा वर्षांत पहिल्यांदा. तिचे डोळे पिवळे दिसत होते. ते मी पाहिलं आणि गजऱ्याचा वास घेत बसून राहिले. डॉक्टरकडे न्यायची वेळ ती होती.

इस्पितळात एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं अक्काला दोन्ही हात पुढे ताठ धरायला सांगितले. हात ठरेनात. मनगटातून आपोआप फडफडू लागले, पाखरानं पंख हलवावे तसे. अक्का त्यांच्याकडे कौतुकानं बघत राहिली.

डॉक्टरणीनं कन्नडमध्ये विचारलं, "काय खातात या?"

मुलगा म्हणाला, "घरचंच खाते. बाहेरचं शिवत नाही."

त्याला डबा ठाऊकच नव्हता. ठाऊक होतं ते मला. मी सांगितलं. सांगताना त्याच्याकडे बघितलं नाही.

हे वेड नव्हे, म्हणाली ती. लिव्हर नासलंय. रक्तातली घाण गाळली जात नाही, ती डोक्यात चढलीय. बुरशीचं विष असतं. भाजल्यानं बुरशी मरते, विष मरत नाही, आणि वर्षानुवर्षं पोटात गेलं की लिव्हर खातं. फक्त त्यानंच झालं असं छातीठोक सांगणार नाही, पण तो डबा आज फेका. आणि यांना इथे ठेवू नका, दुसऱ्या इस्पितळात चिठ्ठी देते.

तिथं एक पातळ गोड औषध दिलं. त्यानं जुलाब झाले. चार-पाच दिवसांत डोकं निवळलं.

मुलानं भीत भीत विचारलं, "अम्मा, मी कोण?"

"गाढव," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आणि तू इथं काय करतेस? अंगणात दाणे कोण बघतंय?"

तो पलंगाच्या कडेवर डोकं ठेवून हसत होता. रडतही असेल. मी बघितलं नाही.

घरी आल्यावर मी डबा तिच्यापुढे ठेवला. "गाईला घालू?"

"गाईनं तुझं काय घोडं मारलंय?" म्हणाली.

मी आवारात खड्डा खणून सगळं पुरलं. ती खुर्चीवर बसून बघत होती. मला वाटलं काही म्हणेल. माती नीट दाब, एवढंच म्हणाली.

डोकं परत आलं, लिव्हर आलं नाही. पोटात पाणी झालं. सात महिने राहिली आणि सातही महिने मला बोलत राहिली. एकदा मी विचारलं, ते मधले दिवस आठवतात का. ती म्हणाली, "नाही. बरे होते का?" मी म्हटलं, "बरे होते." हेही खरंच सांगितलं.

मार्गशीर्षात ती गेली. शेवटपर्यंत शुद्धीवर होती.

मुलगा आहे. बोम्मसंद्र्यालाच राहतो. मी आहे, त्याच अंगणात दाणे निवडते.