तोलायची राहिलेली दीपमाला

आमची दीपमाला कुठंही झोपते. माझी नणंद आहे म्हणून सांगत नाही, पण इतकं सुरेख झोपणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. भाजी निवडता निवडता झोपते, बोलता बोलता झोपते, एकदा तं लग्नाच्या पंगतीत हातात ताट घेऊन उभी झोपली अन् ताट काही पडलं नाही. मान हळूच एका बाजूला जाते, ओठ थोडे उघडतात, अन् बाई गेल्या.

लकडगंजात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत तिचं फॉल-पिकोचं दुकान आहे. समोर लाकडाचा टाल, म्हणजे वखार. तिकडं दिवसभर आरा चालते, इकडं तिची मशीन, अन् त्या दोन आवाजांच्या मधात कुठंतरी तिले डुलकी लागते. गिऱ्हाईक बाया उठवत नाहीत. बसून राहतात, कारण उठल्यावर ती सांगते झोपेत काय पाहिलं ते. एकदा म्हणे टालातल्या साऱ्या ओंडक्यांना पालवी फुटली होती, अन् आरा चालवणारा माणूस त्या सावलीत बसून पाखरांना पोहे टाकून राहिला होता. एकदा म्हणे सगळ्या गल्लीत साड्याच वाहत होत्या, अन् ती एका जरीच्या काठावर बसून इतवारीच्या बाजारापर्यंत जाऊन आली. हे सारं ती सुई ओवता ओवता सांगते, बाजारात टमाटे काय भावानं आहेत हे सांगावं तसं. बाया ब्लाउजपीस द्यायले येतात अन् दुपार घालवून जातात. मीही बसते, घरात भांडे पडलेले असले तरी. मले राग लवकर येते हे गल्लीले ठाऊक आहे, पण त्या खोलीत बसलं का माझा रागही पेंगायले लागते.

दीपमाला जाडी आहे. हळू बोलून काय फायदा, चांगलीच जाडी आहे. पोरं पाहायले आले, चहा-पोहे खाऊन गेले, अन् कळवतो म्हणून कोणीच कळवलं नाही. एका पोराच्या मावशीनं तिच्या तोंडावर विचारलं, लहानपणापासूनच अशी आहे काय. मी म्हटलं, नाही, तुम्ही येणार म्हणून कालच फुगली. माझा नवरा मुकुंद माझ्यावर कितीतरी दिवस फुरंगटून होता. दीपमाला मात्र पदर तोंडाशी धरून हसली, अन् पाहुणे पायऱ्या उतरत नाहीत तोच झोपली.

एका दुपारी त्या झोपेतच तिचा हात मशीनखाली सरकला अन् सुई बोटातून आरपार गेली. मी धावत गेली तं ती बोटाकडं पाहून राहिली होती, जसं ते दुसऱ्याच कोणाचं आहे. डॉक्टरीणबाईनं बोट बांधलं, मग बोट सोडून भलतंच विचारत बसली. घोरता घोरता श्वास थांबते काय, सकाळी डोकं जड राहते काय. तपासण्या झाल्या. मग तिनं मुकुंदले अन् मले समोर बसवून सांगितलं, ही झोप नाही, आजार आहे. वजनानं गळ्यातली वाट बुजत चालली, म्हणून रात्री श्वास अडते अन् दिवसा डोळे मिटतात. नाकाले लावायची मशीन देते, पण तेवढ्यानं भागणार नाही. पोट लहान करायचं ऑपरेशन करा. वजन उतरलं का वाट मोकळी होईन. नाही केलं तं एखाद्या रात्री थांबलेला श्वास परत येणार नाही.

घरी येताना ऑटोत दीपमाला म्हणे, "वहिनी, माझी झोप माझ्या मर्जीनं येते अन् मर्जीनं जाते. ऑपरेशनची झोप दुसऱ्याच्या हातची. तिच्यातून मी उठीनच, हे कोण सांगते? अन् उठली तरी दुपारची ही माझी दुनिया मंग राहीन का?"

"जीव तं राहीन ना वं," मी म्हटलं. पाहते तं ती झोपली होती.

मुकुंद म्हणे करू, मी म्हटलं करू, दीपमाला म्हणे विचार करून सांगते. अन् आमच्या सासूबाई, तुळसाबाई, एकदम नाही म्हणाल्या. कारण नाही, काही नाही. ताट वाढून आणलं, लेकीच्या भातावर वरून तूप सोडलं अन् म्हटलं, "माह्या पोरीचं पोट कापायचं नाही."

मुकुंदले वाटलं, आईले नवसाचं भेव वाटून राहिलं. तो नवस आमच्या घरात सगळ्यांना तोंडपाठ. दीपमाला झाली तेव्हा सासूबाई कुहीकडच्या आमच्या गावी होत्या. पोर इतकी बारीक, का कापसात गुंडाळून ठेवली होती. रडायचा आवाजही येत नव्हता. सासूबाईंनी मातामायच्या देवळात डोकं टेकवलं अन् नवस बोलल्या, पोर जगली, भरली, तं तिच्या वजनाचा गूळ देईन. पोर जगली. अन् भरली कशी, ते मी सांगितलंच. पण नवस काही फेडला नाही. दरवर्षी विषय निघे, दरवर्षी सासूबाई म्हणत, अजून थोडी भरू दे. आम्ही मागं हसत होतो, आता आणखी कुठं भरू दे. दीपमालाले तं ते बरंच होतं. साऱ्या गावासमोर काट्यात बसायचं म्हटलं का तिचा चेहरा पांढरा पडे.

मुकुंद म्हणे, "आई, आधी नवस फेडू, मग ऑपरेशन करू. देवाचं देणं ठेवून टेबलावर जायलेच नको."

"फेडायचा नाही," सासूबाई म्हणाल्या.

मग माझं डोकं सटकलं. मी म्हटलं, "काहून नाही? पोरीचा श्वास अडून राहिला अन् तुमाले गुळाचं जड झालं?"

सासूबाई खाली बसल्या. "गुळाचं नाही वं, माया," त्या मले नाव घेऊन म्हणाल्या. "नवस फेडला का मातामाय मोकळी झाली. अजून तिचा गूळ माह्याकडं बाकी आहे. तो सोडून ती माह्या पोरीले नेईन का? गूळ मिळेस्तोवर तिले हिले राखावंच लागते. अन् ही जेवढी भरन तेवढा गूळ वाढते. म्हून घालत गेली मी. तूप घातलं, भात घातला. म्हटलं, एवढी भारी होऊ दे का मातामायले सोडताच नाही आली पायजे."

इतकी वर्षं मी या बाईले आंधळ्या मायेची म्हणत होती. ती तं देवीसंग सौदा करून बसली होती, अन् त्या सौद्यात लेकीचाच गळा बुजत चालला होता.

पुढच्या खोलीत मशीन बंद होती. आम्ही समजलो, दीपमाला झोपली. ती दारात उभी होती.

"आई," ती म्हणे, "मले तोल. अन् मग मी ऑपरेशनले जाते. देवीच्या भरवशावर खूप झोपली मी."

गावी गेलो तेव्हा धानाची कापणी आटोपली होती अन् हवेत तणसाचा, वाळल्या काडाचा वास होता. मातामायच्या देवळासमोरच्या निंबाच्या झाडाले गावात धान तोलणाऱ्या धोंडबानं त्याचा मोठा काटा टांगला. एका पारड्यात पाट ठेवला होता. बाया, म्हातारे, सारे जमले. दोन पोट्ट्या खिदळल्या, मी पाहिलं तशा गप झाल्या. दीपमाला कोणाकडं न पाहता पाटावर जाऊन बसली, दोर धरले, अन् दुसऱ्या पारड्यात गुळाच्या भेल्या पडायले लागल्या.

अन् ती झोपली. कापायच्या वेळी बकरीही ओरडते, अन् ही त्या काट्यात, भर गावासमोर, मान टाकून झोपली. धोंडबा थांबला. "झोपू दे," मी म्हटलं, "तू ठेव." मग कोणी जोरात बोललंच नाही. निंबाचे पिवळे पानं तिच्या मांडीवर पडून राहिले होते. लोकं भेल्या हातोहात देत होते, आवाज न करता, पाळण्यातल्या पोराजवळून जावं तसे. गुळावर माश्या आल्या, ऊन सरकलं. किती वेळ गेला कोण जाणे, मले वाटलं मीच तिच्या झोपेत उभी आहे.

मग तिचं पारडं जमिनीवरून सुटलं. थोडं हललं, अन् अर्ध्यात थांबलं. एका भेलीचं काम राहिलं होतं. ती भेली सासूबाईंच्या ओटीत होती. त्यांनी ती दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. धोंडबानं मागितली, दिली नाही. मुकुंदनं मागितली, दिली नाही.

दीपमालानं डोळे उघडले. "ठेव, आई," ती म्हणे. "मी उठली आहे."

सासूबाई काट्यापर्यंत कशा गेल्या त्यांनाच ठाऊक. भेली ठेवली. काटा सरळ झाला. गावानं मातामायचा जयजयकार केला अन् त्या तशाच जाऊन देवीसमोर पडल्या. मी त्यांना उठवायले वाकली तेव्हा पुटपुटणं ऐकू आलं. "माय, तुह्यं फिटलं. आता हिचं जेवढं वजन घटन, तेवढा गूळ अजून देईन. घटून होईस्तोवर हिले सोडू नोको." मले हसू आलं अन् रडूही आलं. बाई काही सौदा सोडायची नाही. पण त्यातच ऑपरेशनले हो म्हटलं होतं तिनं.

मग भेल्या फोडून घरोघर गूळ वाटला. सगळ्यात शेवटी दीपमाला आईसमोर आली अन् हात पुढं केला. सासूबाईंनी मोठा खडा उचलला, त्यांच्या हाताच्या सवयीचा. तिच्या तळव्यावर ठेवता ठेवता थांबल्या. खड्याकडं पाहिलं, लेकीकडं पाहिलं. मग त्यांनी तो खडा मोडला अन् त्यातला अर्धाच तिले दिला.

उरलेला अर्धा हातात घेऊन त्या उभ्याच होत्या. तो कुठं ठेवायचा हे त्यांना कळत नव्हतं.