पासपोर्ट तांदळात, आम्ही धबधब्यावर

मंडळी, आधी माफी मागतो. सहलीहून आल्यावर आठ दिवसांत लिहितो म्हणालो होतो, आज महिना उलटून गेला. फोनवर एका बोटाने लिहितो, त्यात शाळा सातवीपर्यंतची. दोनदा लिहिलेलं सगळं पुसलं गेलं. आणि खरं सांगायचं तर घडलं ते लिहावं की नाही, याचीच धास्ती होती. कुणी वाचून पोलिसांत कळवलं तर? शेवटी सुमन, म्हणजे आमची बायको, म्हणाली, “इथल्या पोलिसांना तुमचं मराठी वाचायला वेळ आहे होय? लिहा.”

तर लिहितो.

आम्ही वाईचे. नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात मी एकतीस वर्षं व्हॉल्व्ह सोडायचं आणि बंद करायचं काम केलं. मुलगा निखिल इथे आम्स्टरडॅमला बुइटनव्हेल्डर्टमध्ये राहतो, त्याच्याकडे तीन महिन्यांसाठी आलो आहोत. शेजारच्या गल्लीत अश्विनी नावाची पुण्याची मुलगी आहे. नवऱ्याच्या नोकरीमुळे इथे आली, दोन वर्षं घरी बसून कंटाळली आणि आता आमच्यासारख्या पाहुण्या आईबापांच्या एका दिवसाच्या सहली काढते. तिच्या निरोपात होतं, ‘तीन देशांची हद्द आणि बेल्जियममधला मोठा धबधबा.’ सुमनने तो निरोप चार वेळा मोठ्याने वाचला.

तिचंही बरोबर होतं. लग्नाला बेचाळीस वर्षं झाली, पण मी तिला एकही धबधबा दाखवलेला नाही. ठोसेघर आमच्यापासून किती लांब? एकदा गेलो होतो, पण धुकं बघून मी तिला गाडीतळावरूनच मागे वळवलं. “पुढच्या वर्षी,” म्हणालो. ते पुढचं वर्ष आलंच नाही. दर पावसाळ्यात ती एकदा तरी ठोसेघरचं नाव काढते, मी पेपर वाचल्यासारखं करतो. या वेळी मी पैसे भरले आणि शब्द दिला.

अश्विनीने सगळ्यांना बजावलं होतं, मूळ पासपोर्ट जवळ हवा. मीच तिला तीनदा फोन करून विचारलं, “मूळच ना? झेरॉक्स चालणार नाही ना?” तिसऱ्यांदा ती म्हणाली, “काका, तुमच्या बाबतीत मला अजिबात काळजी नाही.”

सकाळी सात वाजता स्लोटरडाइक स्टेशनच्या मागून बस सुटली. तिथे साडेसहालाच पोहोचा, बस थांबते ती जागा चटकन सापडत नाही. (आम्ही पावणेसहाला पोहोचलो होतो.) बसमध्ये सगळे आपलेच. कुणी सोलापूरचे, कुणी ठाण्याचे. आमच्या मागे कोल्हापूरचे निवृत्त पोस्टमास्तर जाधव. सुमनने दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी पुढे-मागे फिरवली. दीड तासाने पेट्रोल पंपावर थांबलो. तिथे स्वच्छतागृहाला नाणी लागतात, सुटे जवळ ठेवा. गुडघे दुखत असतील तर खिडकीऐवजी वाटेकडची जागा मागा.

परत बसल्यावर अश्विनीने माईक घेतला. “सगळ्यांचे पासपोर्ट आहेत ना? हल्ली हद्दीवर कधीकधी तपासणी असते.”

मी ऐटीत प्लॅस्टिकची पिशवी उघडली. विम्याचे कागद होते. तिकिटं होती. निखिलच्या घरभाड्याच्या कराराची प्रतसुद्धा होती. पासपोर्ट नव्हते.

“सुमन, पासपोर्ट?”

“तांदळात,” ती शांतपणे म्हणाली.

आमच्या घरची ही जुनी रीत आहे. गाव सोडताना बांगड्या, पासबुक, घराचे कागद, सगळं तांदळाच्या डब्यात खोल पुरून ठेवायचं. चोर आला तरी तांदूळ कशाला उपसेल? ही शिस्त मीच लावलेली. निघता निघता मी बूट घालत होतो, तेवढ्यात तिने पिशवीतून पासपोर्ट काढले आणि बांगड्यांबरोबर डब्यात खुपसले.

“अगं, आपण परदेशात निघालोय!”

“मग? परदेशातच तर जास्त जपायला हवं. तुम्हीच म्हणता ना, घर सोडताना महत्त्वाचं बाहेर ठेवायचं नाही?”

आम्हाला पकडतील, निखिलच्या इथे राहायच्या परवान्यावर गदा येईल, आम्हाला परत पाठवतील, आणि पेपरात नाव येईल ते वेगळंच. अश्विनीला सांगितलं. ती कपाळाला हात लावून हसली, मग गंभीर झाली. “काका, पासपोर्टचे फोटो तुम्ही मला पाठवलेत, ते आहेत माझ्याकडे. पण नियमाने मूळच लागतो. बहुतेक वेळा कुणी विचारत नाही. विचारलं तर मात्र आपल्याला थांबावं लागेल. पहिला थांबा नेदरलँडच्या हद्दीतच आहे. तिथे उपाहारगृह आहे, हवं तर तुम्ही दोघं तिथे थांबा, संध्याकाळी येताना मी तुम्हाला घेते. तुम्ही ठरवा.”

मी लगेच ठरवलं, थांबायचं. निखिलला फोन करावासाही वाटला, पण तो ऑफिसमध्ये घाबरेल म्हणून फोनच बंद करून ठेवला.

पहिला थांबा व्हाल्सची टेकडी, दाट झाडीत आहे. इथला सर्वांत उंच डोंगर म्हणे; आपल्या पसरणीच्या घाटासमोर लेकरू. वर एक दगड उभा आहे, तिथे नेदरलँड, बेल्जियम आणि जर्मनी एकमेकांना टेकतात. ना कुंपण, ना बंदूकवाला. लोक आइस्क्रीम खात तीन देशांत फिरत होते. मी मात्र नेदरलँडच्या बाजूला पाय जुळवून उभा राहिलो.

जाधव बेल्जियममधून ओरडले, “या की इकडं! पकडलंच तर तिन्ही तुरुंग जवळ आहेत. जेवण बघून निवडा!”

सुमनने पदर खोचला आणि दगडाभोवती फेरी मारायला लागली. एक, दोन, तीन. “अहो, जर्मनीतून बोलतेय. ऐकू येतंय का?” सगळी बस हसत होती. पाचव्या फेरीला ती माझ्यासमोर थांबली. दम लागला होता.

“चला, उपाहारगृहात बसू,” मी म्हणालो.

तिचं हसू गेलं. “बसू,” ती म्हणाली. पुढे हळूच, “धबधब्याचं काय, पुढच्या वर्षी.”

टोमणा मारला असता तर मी ऐकून घेतला असता. पण ती खरोखर उपाहारगृहाकडे चालायला लागली. अश्विनी बसमध्ये माणसं मोजत होती. मी सुमनच्या हातातली दशम्यांची पिशवी घेतली आणि बसकडे वळलो. “चल. मला कुठे रोज पकडतात?”

बस सुटली. हद्द कधी येते म्हणून मी खिडकीला नाक लावून बसलो. एक निळी पाटी गेली, तिच्यावर चांदण्यांचं कडं. बस तशीच पुढे.

“आली का हद्द?” मी विचारलं.

“गेली,” अश्विनी म्हणाली.

तासाभराने कू नावाच्या गावात उतरलो. पुलावर उभं राहिलं की समोरच धबधबा. सोलापूरच्या काकू म्हणाल्या, “एवढाच?” उंची फार नाही, चार मजली घराएवढी. पण पाण्याला जोर असा की पुलाचा कठडा हाताखाली थरथरतो. अश्विनीने सांगितलं, हा धबधबा निसर्गाचा नाही. फार पूर्वी इथल्या मठातल्या साधूंनी नदीचं वळण कापून पाणी इकडून सोडलं. हे ऐकल्यावर मी सावरून उभा राहिलो. म्हणजे इथेही कुणीतरी पाणी सोडणारा होता! मी जाधवांना पाण्याचा दाब, उतार, पाइपाची जाडी यावर अर्धा तास समजावलं. ते म्हणाले, “पासपोर्टपेक्षा हे बरं बोलता.”

सुमन कठड्याशी उभी राहून तोंडावर तुषार घेत होती. चष्म्यावर पाणी, कपाळावर पाणी, कुंकू ओघळलेलं. मी रुमाल पुढे केला.

“राहू द्या,” ती म्हणाली.

मग आम्ही साखर लावलेला वाफल खाल्ला. एकात दोघांचं भागतं. पुलावर घसरडं असतं, चपला नको, बूट घाला.

परतीच्या वाटेवरही कुणी अडवलं नाही. दिवसभर उत्तरं पाठ केली होती, ती तशीच राहिली. आम्स्टरडॅम तासाभरावर आल्यावर फोन सुरू केला. निखिलचे एकोणीस मिस्ड कॉल. तेवढ्यात त्याचा विसावा कॉल आला.

“बाबा! कुठे आहात तुम्ही? भात लावायला डबा उघडला तर हाताला पासपोर्ट लागले! तुम्ही हद्द ओलांडली? असेच? आईला कुणी काही बोललं नाही ना? मी येऊ का घ्यायला? पोलिसांना...”

हा अगदी माझाच सूर. इतकी वर्षं समोरच्याला तो कसा लागत असेल, हे मला त्या दिवशी कळलं.

“निखिल,” मी म्हणालो, “घाबरू नकोस. काही होत नाही. तू भात लाव, आम्ही आलोच.”

शेजारी सुमनने माझ्याकडे असं पाहिलं, जसं दुपारी धबधब्याकडे पाहत होती.

तुम्ही मात्र असं करू नका. मूळ पासपोर्ट जवळ ठेवा, सगळ्यांचंच नशीब आमच्यासारखं असेल असं नाही. आमचे आता माझ्या गळ्यातल्या पाकिटात आहेत, अजून तांदळाची पांढरी भुकटी लागलेले. धुकं पडलं की मी अजूनही दचकतो. पण कुणी ‘पुढच्या वर्षी’ म्हणालं की त्याहून जास्त दचकतो.

म्हणून एक विनंती. सुमनला आता स्वित्झर्लंडमधला ऱ्हाइन नदीचा धबधबा बघायचा आहे. तुमच्यापैकी कुणी म्हाताऱ्या माणसांना घेऊन तिथे गेलं असेल तर पायऱ्या किती, कठडा कुठपर्यंत, सगळं लिहा. आमचा परतीचा दिवस जवळ आलाय आणि तिने दशम्यांचं पीठ आत्ताच आणून ठेवलंय. तेव्हा कृपा करून लवकर कळवा.